परचेसचे साहेब

गेल्या वर्षी स्टुटगार्टमध्ये गणपतीच्या जेवणाच्या रांगेत उभा होतो. पुढच्या गृहस्थांनी विचारले, "तुमचे संशोधन नक्की कशावर आहे?" मी म्हटले, "कारखान्यांच्या खरेदी खात्याच्या इतिहासावर." ते मनापासून हसले. "परचेसला कसला आलाय इतिहास? तीन कोटेशने मागवायची, सगळ्यांत स्वस्त असेल त्याला ऑर्डर द्यायची." विशेष म्हणजे ते स्वतः इथल्या एका सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी विभागात आहेत आणि चाकण-भोसरीच्या पुरवठादारांशी रोज बोलतात.

त्यांना तिथे रांगेत नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

पुणे-पिंपरीच्या औद्योगिक इतिहासात आपल्याला दोन प्रकारची माणसे भेटतात. एक कारखाने उभारणारे उद्योगपती, दुसरे कामगार आणि त्यांचे पुढारी. या दोघांच्या मधे बसणारा, हातात इंडेंट आणि कानाला फोन लावलेला खरेदी अधिकारी कुठल्याच पुस्तकात फारसा दिसत नाही. माझे मामा १९६८ पासून २००१ पर्यंत पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात याच खात्यात होते, शेवटची बारा वर्षे परचेस मॅनेजर म्हणून. ते गेल्यावर मामींनी त्यांच्या डायऱ्यांचे खोके माझ्या हवाली केले. "रद्दीत घालवत नाही, तुझ्या कामाच्या असल्या तर बघ," म्हणाल्या. त्या डायऱ्या वाचताना एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या वीस वर्षांत 'खरेदी केली' हे शब्द क्वचित येतात. येतो तो शब्द 'मिळाले'. स्टील मिळाले. लायसन मिळाले. बेअरिंग मिळाली नाहीत.

तोफांपासून नांगरापर्यंत

माल 'मिळवण्याची' ही गोष्ट पिंपरीच्याही आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरांचा धंदा जरा उभा राहतो तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे बिडाचे लोखंड दुर्मीळ झाले. त्या अडचणीच्या काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, ही हकीकत अनेकांनी ऐकलेली असेल. आपण ती महाराजांच्या औदार्याची किंवा लक्ष्मणरावांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. ती खरेदीचीही गोष्ट आहे. कारखान्यात कारागीर होते, गिऱ्हाईक होते, नांगराचा नमुना तयार होता. अडले होते ते कच्च्या मालावाचून. तो कुठे पडून आहे आणि कोणाच्या शब्दाने सुटेल, हे शोधणे हेच त्या वेळचे कौशल्य होते.

स्वातंत्र्यानंतर हीच परिस्थिती साऱ्या देशाची झाली, फरक इतकाच की आता संस्थानिकाच्या जागी सरकारी खाते आले.

खाण नसलेले लोखंडाचे शहर

पिंपरी-चिंचवड परिसरात ना लोहखनिज, ना कोळसा. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानांवर प्लॉट पडले. बजाज, टेल्को आणि त्यांच्या मागून शेकडो लहान कारखाने आले. मुंबई जवळ, पाणी मुबलक, पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेज, ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. पण आणखी एक कारण खरेदी खात्याच्या कागदांत दिसते. केंद्र सरकारने १९५६ पासून पोलादासाठी भाडे समानीकरणाचे धोरण लागू केले. भिलाई किंवा जमशेदपूरच्या पोलादाचा रेल्वेभाड्यासह भाव देशभर जवळपास सारखाच ठेवला गेला. बिहारला आपल्या खाणींचा जो नैसर्गिक फायदा मिळायला हवा होता तो गेला, आणि हजार-दीड हजार किलोमीटर दूरच्या पिंपरीतल्या कारखानदाराला अंतराचा भुर्दंड बसला नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या उद्यमशीलतेचा अभिमान बाळगताना बिहार-झारखंडने यासाठी मोजलेली किंमतही लक्षात ठेवायला हवी. १९९२ मध्ये पोलादावरचे नियंत्रण उठले तेव्हा ही सवलतही गेली. तोवर शहर उभे राहिले होते.

भाव सारखा होता म्हणून माल हाती येत होता असे मात्र नाही. १९६४ पासून पोलादाचे वाटप जॉइंट प्लांट कमिटीमार्फत होई. आपल्याला पुढे किती टन, कुठल्या जाडीचा पत्रा, कुठल्या ग्रेडची सळई लागेल याची मागणी आधीच नोंदवायची. मंजूर होणारा आकडा मागणीपेक्षा कमी, आणि येणारा माल बऱ्याचदा वेगळ्याच जाडीचा. मग मुंबईत कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात जायचे आणि आपल्याकडचा नको असलेला पत्रा देऊन हवा असलेला मिळतो का ते पाहायचे. मामांच्या डायरीत अशा अदलाबदलींचे हिशेब आहेत. अमुक कारखान्याला आपण अमुक टन दिले, त्यांच्याकडून अमुक येणे. दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांचे मालक एकमेकांशी बोलत नसत, पण त्यांचे परचेसवाले एकमेकांचे कारखाने चालू ठेवत.

लायसन

आयातीची कथा याहून कठीण. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परदेशातून जवळपास काहीही आणायचे तर परवाना लागे. सरकार दरवर्षी आयात धोरणाचे पुस्तक काढी. धंद्यातली माणसे त्याला नुसते 'रेड बुक' म्हणत. कुठली वस्तू बंद, कुठली मर्यादित, कुठली खुली हे त्यात. नवे रेड बुक आले की परचेसचे लोक दोन दिवस दुसरे काही करत नसत.

समजा एका मशीनसाठी विशिष्ट मापाची बेअरिंग हवी आहेत. प्रथम ती खरोखरच गरजेची आहेत याचे प्रमाणपत्र, मोठ्या कारखान्यांसाठी दिल्लीच्या तांत्रिक विकास महासंचालनालयाकडून. मग ती देशात बनत नाहीत याचा पुरावा. चिंचवडलाच बेअरिंगचा मोठा कारखाना होता, तेव्हा तिथे बनणारे माप बाहेरून आणायची सोय नव्हती. मग त्या कारखान्याकडून 'हे माप आम्ही करत नाही' असे पत्र मिळवायचे. ते घेऊन मुंबईला न्यू मरीन लाइन्सच्या आयात-निर्यात नियंत्रकांच्या कार्यालयात अर्ज, आणि तिथून पुढे बँक. सकाळच्या डेक्कन क्वीनने जायचे आणि संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परतायचे, हा आठवड्यातून एकदा-दोनदा ठरलेला क्रम. दिल्लीचे काम असले तर आठवडा गेला.

यात रुपयाचा भावही हातात नसे. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन झाले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. आदल्या दिवशी ४७,६०० रुपयांना पडणारे दहा हजार डॉलरचे मशीन दुसऱ्या दिवशी ७५,००० चे झाले. ज्यांचे लायसन रुपयांत मंजूर झाले होते त्यांना त्याच रकमेत आता मशीन बसेना.

अशा अनिश्चिततेत शहाणा परचेसवाला काय करणार? मिळेल तेव्हा, मिळेल तितके घेऊन ठेवणार. गोदामात सहा-सहा महिन्यांचा साठा ही तेव्हा नामुष्की नव्हती, ती हुशारी होती. पैसा मात्र बँकेचा अडकून पडे. इतका, की रिझर्व्ह बँकेने प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुठल्या उद्योगाने किती महिन्यांचा साठा ठेवावा याचे निकष १९७५ मध्ये तिने सुचवले. जपानात त्याच सुमारास टोयोटाची माणसे साठा जवळजवळ शून्यावर आणण्याची पद्धत पक्की करत होती. आपल्या लोकांना ती समजत नव्हती असे नाही. ज्याला पुढचा ट्रक कधी येणार हे ठाऊक आहे त्यालाच साठा कमी करता येतो, एवढाच मुद्दा होता.

टंचाईचे दुसरे टोक परदेशातल्या मराठी माणसांना चांगले आठवत असेल. आकुर्डीच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि नातलगाने परकीय चलनात पैसे भरले तर ती लवकर मिळे. डॉलर, पौंड किंवा दिनार पाठवून भावाच्या दारात स्कूटर उभी करणाऱ्यांच्या घरी त्याचे फोटो अजून असतील. ज्या परकीय चलनासाठी मामा न्यू मरीन लाइन्सच्या जिन्यावर बसत, त्याच चलनाची ही दुसरी बाजू.

भोसरीतला चेहरा

इथवरचे चित्र हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचे आहे. पण हाच माणूस संध्याकाळी भोसरीत गेला की वेगळा होई. तिथे तो 'साहेब' असे.

मोठ्या कारखान्यांना सगळे भाग स्वतः बनवणे परवडणारे नव्हते, आणि सरकारचे धोरणही लघुउद्योगांना काम देण्याचे होते. १९६६ मध्ये लघुउद्योगाची गुंतवणूक मर्यादा साडेसात लाख रुपये ठरली, पण मोठ्या कारखान्याला भाग पुरवणाऱ्या 'अनुषंगिक' उद्योगासाठी ती दहा लाख ठेवली. अट अशी की निम्मे तरी उत्पादन मोठ्या कारखान्यांना गेले पाहिजे. म्हणजे कायद्यानेच या लहान माणसाचे पोट मोठ्या गिऱ्हाइकाशी बांधले.

या गाळ्यांतून काम करणारे बरेचसे लोक आधी मोठ्या कारखान्यांत टर्नर, फिटर, सुपरवायझर होते. नोकरी सोडून, बायकोचे दागिने गहाण टाकून, एक जुने लेथ घेऊन त्यांनी सुरुवात केली. त्यांच्याकडे भांडवल नव्हते, ड्रॉइंग वाचायला कोणी नव्हते, मोजायला गेज नव्हते. परचेसवाला कारखान्यातून ड्रॉइंग देई, गेज वापरायला देई, माल आपला देऊन फक्त मजुरीचे काम घेई, पहिल्या दोन-तीन लॉटचे रिजेक्शन पोटात घालून शिकवी. आज ज्यांना 'व्हेंडर डेव्हलपमेंट' म्हणतात त्या खात्याचे हे मूळ रूप. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्यासारखी माणसे दर्जासाठी आग्रही होती म्हणून हे काम झाले, हे खरे. पण तो दर्जा भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचवण्याचे काम खालच्या माणसांनी केले.

याच नात्यात लबाडीलाही जागा होती, आणि ती झाकून इतिहास लिहिता येणार नाही. परचेसमधल्या माणसाचा बंगला झाला की शेजारी एकमेकांकडे बघत. दिवाळीत मिठाईच्या पेट्या येत. काही पेट्यांत मिठाई नसे. मामांनी डायरीत एका दिवाळीला लिहिले आहे: 'सात परत पाठवल्या. कॅलेंडरे ठेवली.' सगळेच असे नव्हते. टंचाईच्या काळात मोठ्या कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याची सही म्हणजे दहा माणसांची रोजी असे, आणि अशी सही विकत घेता येते हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. दिल्लीत जो कारकून मामांना तिष्ठत ठेवी, त्याच्या वागण्याची तक्रार करणारे काही जण भोसरीत तसेच वागत.

हात जोडणे संपले, भाव पाडणे सुरू

जुलै १९९१ मध्ये रुपयाचे पुन्हा अवमूल्यन झाले, २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आले, आणि मामांच्या पिढीचे अर्धे ज्ञान दोन-तीन वर्षांत निरुपयोगी झाले. कच्चा माल आणि यंत्रे यांचे आयात परवाने बहुतांश गेले, पोलाद खुले झाले. आता माल कुठे मिळेल हा प्रश्न नव्हता. कितीला मिळेल हा होता.

नेमक्या त्याच वेळी पाश्चात्य मोटार उद्योगात खरेदी खात्याचे रूप बदलत होते. १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या जागतिक खरेदीची सूत्रे होसे इग्नासियो लोपेझ यांच्याकडे आली. त्यांनी जुने करार बाजूला ठेवून पुरवठादारांकडून पुन्हा पुन्हा नवे भाव मागितले आणि मोठ्या टक्केवारीत कपात करायला लावली. कंपनीला विक्रमी नफा होईपर्यंत घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचे, असा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा संकेत होता. १९९३ मध्ये ते फोक्सवॅगनला गेले. त्यांनी गोपनीय कागद सोबत नेल्याच्या आरोपावरून दोन कंपन्यांत भांडण झाले आणि जानेवारी १९९७ मध्ये ते मिटवताना फोक्सवॅगनने दहा कोटी डॉलर दिले, शिवाय सात वर्षांत एक अब्ज डॉलरचे सुटे भाग जनरल मोटर्सकडून घ्यायचे कबूल केले. खरेदीवाल्यावरून एवढा मोठा वाद होतो, यावरूनच त्या खुर्चीचे वजन किती वाढले होते ते कळते. १९९५ मध्ये पिट्सबर्गला, म्हणजे दुसऱ्या एका पोलादाच्या शहरात, फ्रीमार्केट्स नावाची कंपनी निघाली आणि तिने उलट्या लिलावाचा व्यवसाय सुरू केला. पुरवठादार संगणकासमोर बसून एकमेकांपेक्षा कमी भाव बोलत जातात, आणि घड्याळ संपते तेव्हा सर्वांत खालच्याला काम मिळते.

हे वारे पिंपरीला पोचायला फार वेळ लागला नाही. १९९५ पासून मर्सिडीजची जुळणी पिंपरीत टेल्कोच्या आवारात होऊ लागली होती. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. मधल्या काळात मंदीचा तडाखा बसला. २०००-०१ मध्ये टेल्कोला ५०० कोटींचा तोटा झाला, तेव्हा साऱ्या पट्ट्यात 'खर्च कमी करा' हा एकच मंत्र होता. मोटारीच्या किमतीत बाहेरून घेतलेल्या भागांचा वाटा फार मोठा असतो. साहजिकच कुऱ्हाड तिथे चालते.

एक फोन

मामांच्या कारखान्यात त्या सुमारास पुरवठादारांचे पेमेंट साठ दिवसांवरून एकशेवीस दिवसांवर गेले. निर्णय वरून आला होता. पत्रावर सही मामांची होती.

भोसरीत एक गृहस्थ होते, मामा त्यांना 'भाऊ' म्हणत. १९७४ मध्ये मामांनीच त्यांना बुशिंगचे पहिले काम दिले होते. तीन लेथ, एक मिलिंग, सात माणसे. नव्वद टक्के काम एकाच कारखान्याचे. माल उचलल्यावर चार महिने पैसे यायचे नाहीत, पण पगार, वीज आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला. कागदावर त्यांच्या बाजूने कायदा होता. १९९३ पासून लघुउद्योगांना उशिरा दिलेल्या पैशांवर व्याज मागण्याचा हक्क होता. पण आपल्या एकमेव गिऱ्हाइकावर दावा कोण लावणार? वर्षभर त्यांनी तग धरला. २००० च्या डिसेंबरात गाळा बंद झाल्याची नोंद डायरीत आहे. त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत एक वाक्य चार वेळा येते: 'भाऊंना फोन करायचा.' शेवटच्या वेळी त्यापुढे लिहिले आहे, 'केला नाही.'

मामा पुढच्या वर्षी निवृत्त झाले. घरी त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मी त्यांना दोषी ठरवण्यासाठी हे लिहीत नाही. माल 'मिळवण्याच्या' काळात त्यांना भाऊंची गरज होती, म्हणून नाते टिकले. बाजार खुला झाल्यावर ती गरज संपली. परवान्यांचे राज्य वाईट होते, त्याने देशाची वर्षे वाया घालवली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते संपल्यावर जोखीमही संपली असे झाले नाही. ती सरकारी टेबलावरून निघून साखळीत सर्वांत खाली असलेल्या माणसाच्या गळ्यात गेली, आणि ती तिथे पोचवण्याचे काम परचेसच्या साहेबांनी केले.

पुढे २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तरीही पैसे अडकतच राहिले. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यातल्या नव्या कलमाने मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. अखेर कर वाढेल या भीतीने तरी काही ठिकाणी धनादेश लवकर निघू लागतील.

रांगेतल्या गृहस्थांना

त्या गणपतीत जेवताना आम्ही शेजारी बसलो. मी त्यांना विचारले, "तुमची कंपनी चाकणच्या पुरवठादाराला किती दिवसांत पैसे देते?" ते म्हणाले, "नव्वद. आमची स्टँडर्ड टर्म आहे." मग त्या चाकणच्या कंपनीने भोसरीच्या लहान माणसाला ४५ दिवसांत द्यायचे, आणि मधले ४५ दिवस बँकेच्या व्याजावर काढायचे. ते व्याज ती कंपनी कुठून वसूल करणार? पुढच्या वर्षीच्या भावातून, म्हणजे पुन्हा त्या लहान माणसाकडूनच. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मला ठरवता येत नाही हो. वरून येते." मामांनीही हेच सांगितले असते.

आपल्यापैकी अनेक जण आज डेट्रॉईट, कॉव्हेंट्री, स्टुटगार्ट, जेबेल अलीत याच खुर्चीवर बसलेले आहेत. तुमच्या संगणकावर पुरवठादाराचा एक सांकेतिक क्रमांक दिसतो, त्याच्या मागे कुठेतरी एक गाळा असतो. कारखाने कागद ठरावीक वर्षांनी फाडतात, त्यामुळे या नात्याची नोंद घरातल्या डायऱ्यांत, जुन्या चलानांत आणि निवृत्त माणसांच्या आठवणींतच उरली आहे. तुमच्या घरी कोणी परचेसमध्ये होते का, किंवा कोणी भोसरीत, सातपूरला, गोकुळ शिरगावला लेथ चालवत होते का, हे एकदा विचारून पाहा. खोके सापडले तर रद्दीत घालू नका. आणि वडील, काका, मामा अजून असतील तर त्यांना विचारा की काय मिळाले नाही, आणि कोणाला फोन करायचा राहिला.